केडगावात म्हणे ‘रद्द’ शिक्क्याला भाव आलाय!

केडगावच्या माणसांना झालंय तरी काय, कुणी सांगेल का मला?

पूर्वी बिघडायचे रस्ते ठरलेले होते. कुणी पत्त्यांत बुडायचा, कुणी शेअर बाजारात, एखादा फारच पुढारलेला असला तर नगरसेवकपदाला उभा राहायचा. घरात चार दिवस आदळआपट, मग मामा-मावश्यांची बैठक, देवीपुढे शपथ, विषय संपला. आता बघा. भूषणनगरातले एक गृहस्थ. बँकेतून रिटायर, दोन सुना घरात, रेणुकामातेच्या आरतीला न चुकता हजर. रविवारी सकाळी भाजी आणतो म्हणून बाहेर पडतात आणि बाराच्या सुमाराला मागच्या दारानं आत येतात. पिशवीत वर मेथीची जुडी. आता मेथीची जुडी एवढी छातीशी धरून कुणी आणतं का? वहिनींना संशय आला. त्यांनी पिशवी ओट्यावर पालथी केली. बाटली निघाली असती तर समजून घेता आलं असतं. निघाल्या त्या पाठ मोडलेल्या, कसर लागलेल्या तीन कादंबऱ्या, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईत ठसठशीत शिक्का: ‘रद्द’.

“बाटली परवडली,” वहिनी भर जिन्यात म्हणाल्या, “रिकामी झाली की भंगारवाला तरी नेतो.”

प्रकरण एका घरापुरतं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. (उगाच कुणाची उणीदुणी काढायची मला सवय नाही, हे तुम्ही जाणताच.) पण अंबिकानगरच्या थांब्यापासून शाहूनगरापर्यंत लागण झाली आहे. नगर शहरात अमुक वाचनालयाचा जुना साठा निघतोय, तमक्या कॉलेजात ग्रंथालयाची कपाटं रिकामी करतायत, कुठलीशी खासगी लायब्ररी कायमची बंद होतेय, अशी कुजबुज व्हॉट्सॲपवर येते. आणि येते ती कशी? ‘स्थळ चांगलं आहे, उद्या बघायला या’ अशा शब्दांत! घरच्यांनी मोबाइल पाहिला तरी कळू नये म्हणून. एका घरात खरंच लग्नाचा मुलगा आहे. त्याच्या आईनं तो मेसेज वाचून कांदेपोह्यांची तयारी केली. तिच्या वाट्याला आलेलं दुःख मी इथे सांगत नाही.

बरं, माल चोरीचा असता तर निदान काही थरार तरी होता. तसंही नाही, सगळं कागदोपत्री! १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालयं राज्यात आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्याही मोजतात, त्यामुळे पानं गळालेली, पुठ्ठे सुटलेली पुस्तकंसुद्धा वर्षानुवर्षं कपाटात हजेरीला उभी. कुणी वाचो न वाचो, तपासणीच्या दिवशी मोजणीत ती धरायची. मग कधीतरी छत गळतं, वाळवी लागते, नव्या खरेदीला जागा उरत नाही. तेव्हा कुठे समिती ठराव करते, यादी होते, दाखल नोंदवहीत त्या-त्या क्रमांकापुढे शेरा पडतो आणि पुस्तक निर्लेखित होतं. म्हणजे सरकारदरबारी मेलं. त्याच दुपारी आमचे केडगावकर त्याला पुनर्जन्म द्यायला दारात उभे!

खासगी लायब्रऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे ठराव-बिराव काही नाही. मालकाचं वय झालेलं, मुलगा पुण्याला आयटीत, वर्गणीदार मोबाइलात. दिवाळी अंकांची योजना तेवढी कशीबशी चालायची, तीही बसली. मग एक दिवस शटर अर्धं वर जातं, बाहेर दोन टेबलं येतात आणि टेबलांवर सुतळीनं आवळलेले गठ्ठे. भाव गठ्ठ्याला. सुतळी सोडायची नाही, मधलं पुस्तक ओढायचं नाही. वरचं नि खालचं दिसतं तेवढं बघा आणि बोला. नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या गोणीत हात घालून खालचा माल वर काढणारे आमचे लोक इथे मात्र मुकाट्यानं पैसे मोजतात, म्हणजे बघा.

अब्रू जाते ती सुतळी सुटल्यावर. एक निवृत्त गुरुजी आहेत. नाव सांगत नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांना त्यांनीच बाराखडी शिकवली. त्यांनी घेतलेल्या गठ्ठ्यात वर होती ‘श्यामची आई’. सुतळी सुटली तेव्हा खालून काय निघालं? ‘रंभा’चा १९६२ चा दिवाळी अंक! ज्यात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली होती तो. अश्लीलतेचा खटला झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले, ती ‘श्यामा’. वर्षानुवर्षं एकामागून एक न्यायालयं ती गोष्ट मन लावून वाचत होती, तिथे आमच्या गुरुजींना एक संध्याकाळ लागली तर बिघडलं कुठे? पण गुरुजी म्हणतात, “मी गठ्ठा ‘श्यामची आई’साठी घेतला.” घरात ‘श्यामची आई’च्या पाच प्रती आधीच आहेत. गुरुपत्नींनी त्या पाचही टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

आता ही मंडळी पुस्तक कसं पारखतात तेही ऐका. नाव बघणार नाहीत, लेखक बघणार नाहीत. आधी पाठ बघतात, मग पुस्तक नाकाला लावतात. चारचौघांत! कागदातलं लिग्निन वर्षानुवर्षं विघटित होत जातं, त्यातून तो गोडसर वास येतो, असं एक केमिस्ट्रीचे प्राध्यापक मला समजावत होते. समजावताना त्यांचं नाक पुस्तकातच होतं. मग पाठकोरं पान. त्यावर देय दिनांकाची चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली, तिच्याखाली कार्डासाठी केलेला कागदी खिसा. मग दाखल क्रमांक. मग मधलं कुठलंतरी ठरावीक पान उघडून तिथे चोरशिक्का आहे का बघतात. वाचनालयं शिक्का एकाच जागी मारत नाहीत, पहिलं पान फाडून पुस्तक लंपास करणाऱ्यांसाठी आत एक पान राखून ठेवतात. आणि सगळ्यात शेवटी सुस्कारा. हा सुस्कारा मुखपृष्ठासाठी. लायब्ररीनं बायंडिंग करून घेतलं की बायंडर मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो आणि वर काळं नाहीतर मरून रेक्झिन चढवतो. म्हणजे दीनानाथ दलालांनी ज्या बाईचा पदर वाऱ्यावर उडवला होता, ती बाई गेली कचऱ्यात आणि उरलं ते नगरच्या कुण्या बायंडरचं रेक्झिन. क्वचित एखादा रसिक बायंडर तेच चित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवून देतो. असं पुस्तक निघालं की दोन सभ्य माणसं एकमेकांची कोपरं ढकलतात. मी पाहिलंय. त्यातला एक वकील होता.

घरी आणल्यावरचा तमाशा वेगळाच. कसर काय, वाळवी काय, असला पाहुणा थेट कपाटात घेता येत नाही. जुन्या पिढीचा उपाय म्हणजे ऊन दाखवायचं, वेखंड नाहीतर कडुनिंबाचा पाला ठेवायचा. पण आमचे हल्लीचे शौकीन विज्ञाननिष्ठ! पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं. थंडीनं कीड मरते. खरंच मरते, ग्रंथसंग्रहालयांतही हे करतात. पण ग्रंथसंग्रहालयांच्या फ्रीजरात सोललेले मटार नसतात हो! एका घरी पाहुण्यांना आइस्क्रीम काढायला गेलेल्या सुनेच्या हातात ह. ना. आपटे आले. तेही गोठलेले.

बोलायला गेलं की छाती फुगवून सांगतात, “आपल्या नगरला परंपरा आहे.” आहे, कोण नाही म्हणतं? जिल्हा वाचनालय १८३८ चं. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ ला, म्हणजे त्याच्या एकोणीस वर्षं आधी नगरकर वर्गणी भरून वाचत होते. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरलाच सुरू झाला. रेव्हरंड टिळक नि लक्ष्मीबाई नगरला राहिलेले-वावरलेले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं निघाली, तिचे सुटे भाग कुठल्या गठ्ठ्यात येतील म्हणून दोघे-तिघे कायम गळ टाकून बसलेले असतात. १८६७ च्या आधीचं छापील पुस्तक, ज्याला जाणकार दोलामुद्रित म्हणतात, ते तर यांच्या स्वप्नात येतं. एकजण झोपेत ‘शिळाप्रेस, शिळाप्रेस’ म्हणून ओरडला. बायकोला वाटलं ही कोण शीला!

आणि किल्ला तर विचारूच नका. नेहरू १९४२ ते १९४५ आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं, मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ तिथेच लिहिलं, हे खरं. पण म्हणून १९४२ पूर्वी छापलेलं कुठलंही इंग्रजी पुस्तक नगरमध्ये टेबलावर आलं की विकणारा आवाज खाली आणून म्हणतो, “हे किल्ल्यातून आलेलं आहे बरं का.” परवा असंच सांगून एकाला घोड्यांच्या रोगांवरचं पुस्तक विकलं. घेणाऱ्यानं विचारलंसुद्धा नाही की पंडितजींना घोड्यांच्या रोगांशी काय करायचं होतं.

केडगावची तर खास गंमत. एका महाभागाला एका सेलमध्ये जुनं मराठी ‘पवित्र शास्त्र’ मिळालं आणि त्यावर छपाईचं ठिकाण दिसलं, केडगाव! झालं. दोन दिवस गावात मिरवणूकच. आपल्या केडगावात छापखाना होता, आपल्या केडगावात बायबल छापलं, कुणी मानत नव्हतं, आता बघा! शेवटी एका नातीनं मोबाइलवर बघून सांगितलं, “आजोबा, हे दौंडजवळचं केडगाव. पुणे जिल्ह्यातलं.” पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिकडचं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी स्वतः भाषांतर केलं, मिशनातल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ ला. म्हणजे सापडलेला माल सोन्यासारखा, फक्त गाव दुसऱ्याचं. पण आजोबांनी काय करावं? नातीला म्हणाले, “तू गप्प बस, नवरात्र होईपर्यंत कुणाला सांगू नकोस.” नवरात्रात अख्खं नगर पहाटे पायी केडगावच्या देवीला येतं, तेवढ्या गर्दीत मिरवून घ्यायचं होतं त्यांना.

कुणी टोकलंच तर यांच्याकडे मोठी नावं तयार. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या जुन्या दुकानांतून दोनेक हजार पुस्तकं जमवली, त्यासाठी पोटाला चिमटा घेतला, मुंबईत राजगृह बांधलं तेही पुस्तकांसाठी. अहो, पण बाबासाहेब ती वाचत होते! तुमची सुतळी अजून सुटलेली नाही. मग म्हणतात, विलायतेत बघा, वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावात रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं जुन्या पुस्तकांचा असा बाजार मांडला की १ एप्रिल १९७७ ला स्वतःला त्या गावाचा राजाच जाहीर केलं. तारीख बघा, एक एप्रिल! तिकडे अमेरिकेत गावोगावच्या वाचनालयांचे हितचिंतक दरवर्षी जुन्या पुस्तकांचा सेल लावतात, शेवटच्या दिवशी पिशवीभर पुस्तकं एकाच भावात. इंग्रजांत तर डिबडिन नावाच्या पाद्र्यानं १८०९ सालीच या रोगावर पुस्तक लिहून ठेवलंय, लक्षणांसकट. ते पुस्तकही आता जुन्या पुस्तकांचे वेडेच शोधत हिंडतात. म्हणजे वैद्याचं चिठोरंच रोग्यानं फ्रेम करून लावलं.

पण खरी मेख निराळी आहे आणि ती मी आज सांगून टाकणार. यांना वाचायची हौस वगैरे काही नाही. वाचायचंच असेल तर तीच कादंबरी नव्या आवृत्तीत मिळते, स्वच्छ, पांढरी, कुणाचा हात न लागलेली. ती यांना नको. का? तर तिला मागचं काही नाही! वाचनालयातली प्रत चाळीस घरं हिंडून आलेली असते. कुणाच्या उशाखाली राहिली, कुणाच्या चहाच्या कपाखाली, कुणाच्या अंथरुणात सापडली, सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. म्हणजे ही मंडळी पुस्तक विकत घेत नाहीत. दुसऱ्याच्या घरातल्या भानगडी घेतात, गठ्ठ्याच्या भावात. आणि केडगाव हे कितीही मनपात आलं, फ्लॅटांनी भरलं, तरी हाडाचं गावच. शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे बघितल्याशिवाय आम्हाला घास गिळत नाही.

समासातली भांडणंच बघा. एका सामाजिक कादंबरीत नायिका अश्रू ढाळते तिथे कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘फार रटाळ.’ खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, निळ्या शाईनं: ‘मग वाचता कशाला?’ त्याखाली तिसरा, अक्षर सुवाच्य, बहुधा शिक्षकच: ‘सार्वजनिक पुस्तकात लिहू नये.’ आणि त्या शिक्षकाच्या शुद्धलेखनाची चूक चौथ्यानं लाल पेननं दुरुस्त केलेली! कादंबरी कोण वाचतंय मग? बसचं तिकीट निघतं, रेशनची पावती निघते, वाळकं पिंपळपान तर असतंच. एका भावगीतांच्या पुस्तकात दोन ओळींखाली नाजूक रेघ आणि पुढच्याच पानावर अगदी तश्शी रेघ, पण पेन वेगळं. दोन वाचक. ओळीनं तीन पुस्तकांत तीच दोन पेनं! विकत घेणारे काका ती दोन माणसं पुढे एकमेकांना भेटली की नाहीत याचा शोध घेतायत. स्वतःच्या मुलीचं कुठे जुळलंय हे त्यांना शेवटी कळलं, आधी साऱ्या कॉलनीला माहीत होतं.

यावर कळस झाला तो शाहूनगरात. तिथल्या एका जावयानं बंद पडलेल्या लायब्ररीच्या गठ्ठ्यात बाबूराव अर्नाळकरांची एक झुंजारकथा आणली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यातली ही कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीच आधी पळवाल. देय दिनांकाच्या चिठ्ठीवर रिवाजाप्रमाणे तारखा आणि वर्गणीदारांचे क्रमांक. त्यात २१७ हा क्रमांक एका वर्षात पाच वेळा. बायकोनं सहज डोकावून पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. २१७ हा तिच्या माहेरचा क्रमांक! लहानपणी संतचरित्रं बदलून आणायला तिलाच पिटाळायचे, पाठ होता तिला. आणि वडील कोण? ज्ञानेश्वरीची पारायणं करणारे, घरात डिटेक्टिव्ह पुस्तक दिसलं तर बंबात घालीन म्हणणारे. तिचं एक घातलंही होतं, दहावीच्या सुट्टीत.

पुढच्या रविवारी सगळे माहेरी जेवायला. वरणभात झाल्यावर लेकीनं पुस्तक पाटाशेजारी ठेवलं, चिठ्ठी उघडून. म्हातारेबुवांनी चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली, मग पुस्तक उलटून थेट शेवटाकडे गेले आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, “अजून नाहीतच. शेवटची दोन पानं तेव्हाही नव्हती. म्हणून तर पाच वेळा आणलं. म्हटलं, मधे कधी बायंडिंगला गेलं तर बसवून आणतील.”

कुणाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात सासूबाई ताक वाढायला आल्या. पुस्तकाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “दिवाणजीनं केला खून. मी वाचलं तेव्हा होती पानं. कधी विचारलंत का मला?”

तेव्हापासून म्हातारेबुवांनी अबोला धरलाय. पाच वेळा आणलेल्या पुस्तकाचा शेवट फोडला म्हणून.